डावीकडचे उंदीर

हे कुणी खरं मानणार नाही, आणि मला त्याचं काही सोयरसुतक नाही. मी आजवर सांगितलेल्या गोष्टींपैकी निम्म्या खोट्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या त्याहून खोट्या, हे या जिन्याखालच्या बाकालासुद्धा ठाऊक आहे. पण ही खरी आहे. खरी आहे म्हणूनच तुमच्या गळी उतरायची नाही. थाप असती तर मी ती घोटून घोटून गुळगुळीत करून आणली असती.

“म्हणजे ही घोटलेली नाही?” पोस्टमनने विचारलं. माणूस माझ्यासारखाच निवृत्त, पण अजून कुणाच्याही हातातल्या पाकिटावरचा पत्ता वाचल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

“ही रागाने सांगतोय,” मी म्हटलं. “राग आला की मला थापा सुचत नाहीत.”

“मग तुम्हाला रोज कुणीतरी चिडवायला हवं,” वरच्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. मास्तर चष्मा पुसायला लागले की समजायचं, ऐकणार आहेत.

खालच्या पायरीवर माझी धाकटी बहीण बसली होती. ती पुस्तकं बांधते. मांडीवर फळी, फळीवर कागदांच्या घड्या, हातात सुई आणि दोरा. तिला मी आधीच बजावलं, की ही गोष्ट तुझीच असली तरी मधे बोलायचं नाही. तिने दोऱ्याला मेण लावलं आणि मान हलवली. त्या हलवण्यातून हो का नाही ते कळलं नाही. लहानपणापासून तिची ही खोड आहे.

तर ऐका.

एकतीस वर्षं मी उंदीर सांभाळले. संशोधन संस्थेच्या तळघरात आमचं राज्य होतं. खिडकी एकही नाही. दिवा आपोआप सकाळी लागायचा आणि संध्याकाळी आपोआप विझायचा, म्हणून उंदरांना वाटायचं की जगात ढग म्हणून काही नसतंच. पांढरेशुभ्र उंदीर, गुलाबी कान, लाल डोळे. एका पिंजऱ्यात पाच. खाली भुसा, वर पाण्याची बाटली उलटी टांगलेली, आणि जाळीच्या खोबणीत खाद्य. खाद्य म्हणजे पिठाच्या दाबून केलेल्या कांड्या, बोटाच्या पेराएवढ्या. सगळी संस्था मला मामा म्हणायची. उंदरांचा मामा. दरवाजा उघडला की दोनशे चाळीस उंदीर मागच्या पायांवर उभे राहून मला मान द्यायचे.

“दोनशे चाळीस?” पोस्टमन.

“बरं, दोनशे. चाळीस जण झोपलेले असायचे.”

आमचे मोठे साहेब सोयाबीनच्या मागे लागले होते. सोयाबीनमधून एक द्रव्य काढायचं, त्याचं नाव एवढं लांब की बाटलीवरची चिठ्ठी बाटलीला दोन वेढे घालायची. आम्ही त्याला नुसतं अर्क म्हणायचो. साहेबही मोठे अर्कच, पण ते वेगळ्या बाटलीतले. त्यांचं म्हणणं असं, की हा अर्क पोटात गेला की नैराश्य कमी होतं. आता उंदराला नैराश्य आलंय हे कसं ओळखायचं? तो काही डॉक्टरसमोर बसून डोळे टिपत नाही. त्यावर एक परीक्षा असते. काचेचं उभं नळकांडं घ्यायचं, त्यात कोमट पाणी भरायचं आणि उंदीर सोडायचा. सहा मिनिटं. पहिली दोन सोडून द्यायची आणि पुढच्या चारांत तो किती सेकंद हातपाय न हलवता नुसता तरंगतो ते मोजायचं. जास्त तरंगला तर त्याने आशा सोडली. धडपडत राहिला तर गडी अजून उमेद धरून आहे.

“तरंगला म्हणजे निराश?” मास्तर म्हणाले. “मला पोहायला शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी तरंगायलाच शिकवलं होतं.”

“हेच मी साहेबांना म्हटलं, मास्तर. साहेब म्हणाले, मामा, तुम्ही भुसा बदला.”

सेकंद मोजायला एक मुलगी होती, डॉक्टरेट करणारी. गळ्यात स्टॉपवॉच, म्हणून ती स्टॉपवॉचवाली. तिचा अंगठा एवढा तयार झाला होता की लग्नात अंगठी घालताना नवऱ्याची वेळ नोंदवेल, असं आम्ही म्हणायचो. पहिल्या फेरीत निम्म्या उंदरांना अर्क पाजला, निम्म्यांना नुसतं पाणी, आणि महिन्याने सगळे पोहायला उतरवले. निकाल? दोन्हीकडचे सारखेच पोहले. एक्केचाळीस नंबरचा उंदीर तर नुसत्या पाण्यावाला, तो सहा मिनिटं संपल्यावर बाहेर यायलाच तयार नव्हता. मी टॉवेल दाखवला तर त्याने पाठ फिरवली.

साहेब लालबुंद. मी पोती उचलत होतो. पोत्यावर काय काय घातलंय त्याची यादी छापलेली असते, ती मी वाचली आणि म्हटलं, “साहेब, या खाद्यात सोयापेंडच आहे की. पाणीवालेही रोज सोयाच खातायत. मग फरक दिसणार कुठून?”

मी हे म्हटलं. मी! सातवीपर्यंत शिकलेल्याने. साहेब दोन मिनिटं पोत्याकडे बघत राहिले आणि तिसऱ्या मिनिटाला ही गोष्ट त्यांना स्वतःला सुचली होती. संध्याकाळपर्यंत त्यांनी ती चार जणांना सांगितली आणि बिनसोयाचं खाद्य मागवलं. इथवर मला राग नाही. माझ्या थापा लोक आपल्या म्हणून सांगतात, तर एखादी खरी गोष्ट गेली. जाऊ दे.

नवं खाद्य आलं ते निम्मंच. बाकीचं पुढच्या महिन्यात येणार म्हणे. पण साहेबांनी परिषदेला तारीख देऊन ठेवलेली, आता थांबायला वेळ कुठे? त्यांनी डोकं चालवलं. डावीकडच्या मांडणीवर पाणीवाले, उजवीकडे अर्कवाले. साहेब म्हणाले, “मामा, नवं खाद्य डावीकडे घाला. उजवीकडचे तसेही सोयाच घेणार आहेत, त्यांना जुनं चालेल.”

ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं बघा! मलाही वाटलं. दोन गटांची तुलना करायची तर दोघांचं सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलायची, हे तळघरात झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण हुशार माणसाने मूर्खपणा केला की तो आधी हुशारीच वाटतो.

आणि ते नवं खाद्य! मास्तर, काय सांगू. कांडी होती का दगड होता. मी एक दाढेखाली धरून बघितली, तर दाढेचा टवका उडाला आणि कांडी जशीच्या तशी. घरी एक आणली आणि हातोडीऐवजी तिने भिंतीत खिळा ठोकला.

“खिळा गेला?”

“खिळा वाकला. भिंतीला भोक पडलं ते कांडीने.”

पोस्टमन हसला. धाकटीही गालात हसली. पण मी हसत नव्हतो, कारण डावीकडचे उंदीर हसत नव्हते. ती पोरं दिवसभर कांडी कुरतडायची. खोबणीखाली नुसती भुकटी पडायची, ती भुशात मिसळायची आणि पोटात काही जायचं नाही. दर सोमवारी वजन व्हायचं. पहिल्या सोमवारी ठीक. दुसऱ्या सोमवारी डावीकडचे उतरले. तिसऱ्या सोमवारी मी पिंजऱ्यात हात घातला तर उंदराच्या पाठीचे मणी बोटाला लागले. स्टॉपवॉचवाली म्हणाली, “सर, यांचं वजन घटतंय.” साहेबांनी कागद बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. उजळला! म्हणाले, “उत्तम. नैराश्यात भूक मरतेच. पुस्तकात आहे.”

“साहेब,” मी म्हटलं, “भूक मेली नाही. खाद्य तुटत नाही. तुम्ही एक चावून बघा.”

“मामा, मी उंदीर नाही.”

“उंदीर कधी एवढं खोटं बोलत नाही, साहेब,” असं मी म्हणणार होतो. नाही म्हटलं. घशाशी आलेलं गिळलं आणि भुसा बदलला. स्टॉपवॉचवालीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कागदाकडे, आणि आकडे वहीत उतरवले. तिच्या डॉक्टरेटवर सही साहेबांची होती.

महिना भरला. डावीकडचे पाण्यात उतरले. अंगात चरबी नाही, जोर नाही, दोन वल्ही मारली की थांबायचे. नाक वर, शेपूट खाली. साहेब एकेकाला बघून म्हणायचे, “बघा, निराशा! शुद्ध निराशा!” उजवीकडचे जुनं मऊ खाद्य खाऊन टुमटुमीत झालेले, ते पाणी उडवत फिरत होते. फरक असा दिसला की कागदावर मावेना. साहेबांचं नाव वर्तमानपत्रात आलं. मग एक कंपनी आली, अर्काची पूड केली, पाकिटं छापली. पाकिटावर हसऱ्या बाईचं चित्र होतं. ती कशाला हसत होती देव जाणे.

आता धाकटीचं सांगतो.

तिला दोन वर्षं बरं नव्हतं. ताप नाही, खोकला नाही, पण ती भिंतीकडे तोंड करून पडायची. सुट्ट्या कागदांचे गठ्ठे तसेच पडून, गिऱ्हाईक दारातून परत जायचं. मी तऱ्हेतऱ्हेच्या थापा मारल्या. एक्केचाळीस नंबरचा उंदीर तुझी चौकशी करत होता म्हटलं. भिंत हसली असती, पण धाकटी हसली नाही. शेवटी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पहिले तीन आठवडे काही नाही. मग एक दिवस मी कामावरून आलो तर तिने केस विंचरले होते. बस, एवढंच. पण त्या दिवशी मी पायऱ्या चढताना दोन-दोन चढलो. आणखी चार महिन्यांनी तिने पहिलं पुस्तक बांधलं. वाकडं झालं होतं. मी ते दसऱ्याच्या पूजेला ठेवल्यासारखं कपाटावर ठेवलं.

आणि अशा वेळी साहेबांनी मला जिन्यात गाठलं. “मामा, माणसांवर पूड तपासतोय. तुमच्या बहिणीला का आणत नाही?” मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी माझ्या घरची विचारपूस केली होती. मी विचारलं, गोळ्यांचं काय? ते म्हणाले, “गोळ्या चालू ठेवल्या तर पुडीचं काम कसं दिसणार? बंद करा.”

पोस्टमन, तू चाळीस वर्षं लोकांची पत्रं पोचवलीस आणि आतलं एकही वाचलं नाहीस. मीही तसंच केलं. साहेबांचं वाक्य उचललं आणि घरी नेऊन दिलं. तिच्या डॉक्टरांना विचारलं नाही. खाद्याचं सगळं माहीत होतं, पाठीचे मणी बोटांना लागले होते, तरी नेऊन दिलं. म्हटलं, इतके शिकलेले लोक आहेत, माणसांच्या बाबतीत तरी नीट बघत असतील.

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

दुसऱ्या आठवड्यात तिच्याकडून एक कागद भरून घेतला. झोप येते का? कामात मन लागतं का? जगणं नकोसं वाटतं का: मुळीच नाही, कधीकधी, बरेचदा, रोज? तिने ‘मुळीच नाही’वर खूण केली. अहो, गोळ्या नुकत्याच सुटलेल्या, त्यांचाच जोर अंगात होता! साहेबांनी तो कागद छातीशी धरला. पाचव्या आठवड्यात तिने विंचरणं सोडलं. सहाव्यात पुन्हा भिंत. मी धावत साहेबांकडे गेलो. म्हटलं, ती जेवत नाही, बोलत नाही, रात्री डोळे उघडे ठेवून पडते.

साहेब म्हणाले, “जुन्या गोळ्यांची सवय मोडतेय. पूड दुप्पट करा.”

आणि पुढच्या गुरुवारी तिला घेऊन सभागृहात या, म्हणाले. कंपनीचे लोक येणार, वार्ताहर येणार. बरी झालेली व्यक्ती म्हणून तिला व्यासपीठावर बोलवायचं आहे. मी म्हटलं, साहेब, ती बरी नाही. ते म्हणाले, “कागदावर बरी आहे.”

त्या क्षणी माझ्या डोक्यात असा जाळ झाला की माझ्या टोपीखालून धूर निघाला.

“तुम्ही टोपी घालत नाही,” मास्तर म्हणाले.

“जळाली म्हणून घालत नाही!”

गुरुवार आला. सभागृहात गालिचा, थंडगार हवा, पाण्याचे ग्लास पालथे घातलेले. धाकटी आणि मी तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्च्यांवर. ती यायला तयार कशी झाली हे मला आजही कळलेलं नाही. पण आली. हात मांडीवर, मान खाली. साहेबांनी पडद्यावर दोन पट्ट्या दाखवल्या, एक बुटकी आणि एक उंच. काठीने उंच पट्टीवर टकटक करून म्हणाले, “हे नैराश्य. हे उंदीर जगण्याला कंटाळले होते.” मग एका पोहणाऱ्या उंदराचा फोटो. मी ओळखला त्याला. डावीकडचा, खालून तिसरा पिंजरा. फोटो काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो गेला होता. मीच उचलला होता. कापसाच्या बोळ्याएवढं वजन.

टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, “आणि आता आपल्यासमोर येतील आमच्या मामांच्या भगिनी.”

मी उठलो!

घरी मी त्या नव्या खाद्याची एक पिशवी ठेवली होती. निघताना ती शर्टाखाली दडवून आणली होती. मी ताडताड व्यासपीठावर चढलो, पिशवीचं तोंड सोडलं आणि साहेबांच्या पुढ्यातल्या टेबलावर उपडी केली. धडाडधूम! गारा पडाव्यात तशा कांड्या उडाल्या. एक कंपनीच्या माणसाच्या कपाळाला लागली, त्याला टेंगूळ आलं. एक थेट छताच्या दिव्याला लागली, दिवा विझला. एक पाण्याच्या ग्लासात पडली, तो ग्लास त्यांनी तसाच ठेवला, कांडी अजून विरघळलेली नाही म्हणे. साहेबांच्या काठीचे दोन तुकडे झाले. वार्ताहर खुर्च्यांखाली लपले. आणि मी छाती पुढे काढून असा गरजलो की मागच्या भिंतीवरचं घड्याळ थांबलं. मी म्हणालो, “चावून दाखवा! यातली एक चावून दाखवा, मग बोला! हे उंदीर उदास नव्हते, उपाशी होते!”

मी पुढे म्हणालो, “आणि ही माझी बहीण—”

“खोटं.”

दोरा दाताने तोडल्याचा आवाज आला. पोस्टमनने आणि मास्तरांनी एकदमच खाली बघितलं.

“अगं, तुला काय आठवणार?” मी म्हटलं. “त्या दिवशी तू कुठल्या अवस्थेत होतीस—”

“सगळं आठवतंय. मी उदास होते दादा, बहिरी नव्हते. दिवा विझला नाही. कुणाला टेंगूळ आलं नाही. कांड्या टेबलावरून खाली घरंगळल्या आणि एक बाई वाकून गोळा करायला लागली, तिला वाटलं चुकून सांडल्या. पिशवी मी आणली होती, माझ्या पर्समधून. वर मी चढले, मी ओतली आणि ते मी बोलले. हळू बोलले. माईकपर्यंत पोचलंही नाही. पहिल्या दोन रांगांनी ऐकलं असेल, तेवढंच. मग ‘मी बरी नाही’ म्हणाले आणि खाली उतरून सरळ माझ्या डॉक्टरांकडे गेले. एकटी.”

“मी मागून आलो की—”

“तू खुर्चीत होतास. मी उठले तेव्हा तू माझा हात धरलास. ‘बस खाली, दोन वर्षं राहिलीत माझी निवृत्तीला, बस खाली’ म्हणत होतास आणि ओढत होतास. केवढ्या जोराने ओढत होतास! बाही खांद्यापासून उसवली माझी. टाकलेली नाही मी ती, आत कपाटात आहे. आणू?”